कानसेनांचा नवा फोन

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ते वाचायला कोणी वर येत नसे. शिंप्यांच्या गल्लीत मात्र कोणालाही विचारा. शिलाई मशीन दुरुस्त करणारे ते काका, जे मशीन आधी ऐकतात आणि मग उघडतात, ते कानसेन. बाकीचे कारागीर आल्याआल्या पेचकस काढत, हे डोळे मिटून बसत. अडतीस वर्षं खांद्याला पिशवी अडकवून ते त्या गल्लीत हिंडले आणि मग एके दिवशी गुडघ्यांनी हात टेकले.

डॉक्टरांनी जिने चढायला-उतरायला मनाई केली. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला जिने बंद म्हणजे जिवंतपणी फोटो होऊन भिंतीवर लागण्यासारखंच, पण हे डॉक्टरांना कोण सांगणार? कानसेन महिनाभर खिडकीत बसून राहिले आणि बायकोच्या प्रत्येक कामात चुका काढू लागले. तिने कपाळाला हात लावला.

वाट काढली ती मास्तरीणबाईंनी. त्यांचा आठ मशीनचा कारखाना, शाळेचे गणवेश शिवायचा. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण गल्लीतल्या निम्म्या मुली शिवण त्यांच्याकडेच शिकल्या होत्या. एकदा ऐन घाईत त्यांचं एक मशीन अडलं. त्यांनी फोन केला, रडवेल्या आवाजात काहीबाही सांगू लागल्या, तेव्हा कानसेन म्हणाले, तुमचं राहू द्या, रिसीव्हर मशीनजवळ धरा. बाईंनी धरला. कानसेनांनी इकडे डोळे मिटले आणि सांगितलं की पट्टा ताणलाय आणि शटलमध्ये जुना धागा अडकलाय. तसंच निघालं.

तिथून ती रीतच पडली. रुमालाची चौपदरी घडी मशीनवर ठेवायची, तिच्यावर रिसीव्हर, बोलायचं तोंड सुईकडे. दहा टाके सावकाश, दहा जोरात, आणि मध्ये अवाक्षर काढायचं नाही. हे सगळ्या गल्लीला पाठ झालं. दिवसाला चार-पाच फोन येत. हॉलमधल्या स्टुलावर तो बदामी रंगाचा, गुंडाळ्या वायरचा जुना फोन आणि शेजारी खुर्चीत कानसेन, असं दोन वर्षं चाललं. माणूस पुन्हा माणसात आला. बायकोच्या कामातल्या चुकासुद्धा बंद झाल्या.

आणि मग ते पत्र आलं. टेलिफोन कंपनीने लिहिलं होतं की आता घरोघरी इंटरनेटवरचा फोन देण्यात येत आहे. ज्यांना जुनी तार ठेवायची असेल त्यांनी तसं कळवावं. ज्यांना नवा हवा त्यांनी तसं कळवावं. नवा घेऊन पसंत पडला नाही तर तीस दिवसांत जुनी तार परत जोडून मिळेल, त्यानंतर मिळणार नाही.

मुलगा दुसऱ्या गावी असतो, दर रविवारी येतो. त्याने पत्र वाचलं आणि लगेच कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. नव्याच्या रकान्यात त्याने भराभर लिहिलं: आवाज स्वच्छ, नंबर तोच, बाहेरगावचे फोन फुकट, पावसात बंद पडत नाही, कोणाचा फोन आहे ते दिसतं. जुन्याच्या रकान्यात एवढंच आलं की वीज गेली तरी चालतो. मग त्याने वडिलांना विचारलं, तुम्हाला आणखी काही लिहायचंय का? कानसेनांना लिहायचं होतं. त्यांना म्हणायचं होतं की त्या जुन्या तारेत एक खरखर आहे आणि त्या खरखरीच्या आड मशीन जसंच्या तसं येतं. पण खरखर ही काही फायद्याच्या रकान्यात लिहायची गोष्ट आहे का? त्यांनी मान हलवली आणि कागदावर सही केली. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं म्हणतात. त्यांनी दोन्ही जनाचंच केलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली, तिला तीन दिवे, स्टुलावर नवा काळा फोन. जुना त्याने पिशवीत टाकला तेव्हा कानसेन म्हणाले की तो राहू दे, पण तो कंपनीचा होता. पहिला फोन आला कानसेनांच्या बहिणीचा. काय तो आवाज! ती मध्येच थांबून वर्तमानपत्राची पानं उलटत असेल तर पानं नाहीत, स्वयंपाकघरात भांडी पडली तर भांडी नाहीत, फक्त ती, जणू याच खोलीत बसलेली. बायको तर हरखूनच गेली. तिने मुलाला फोन करून त्याची पाठ थोपटली.

बुधवारी मास्तरीणबाईंचा फोन आला. तिसऱ्या नंबरचं मशीन टाके सोडतंय म्हणाल्या. कानसेनांनी खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, दहा सावकाश."

काहीच ऐकू आलं नाही. खरखर नाही, खोकला नाही, गल्लीतला हॉर्न नाही. कानसेन थांबले. मग म्हणाले, चालवा की. पलीकडून बाई म्हणाल्या, चालवतेच आहे काका, दहा झाले, आता जोरात घेऊ का? कानसेनांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानातही तसंच सामसूम. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अंदाजपंचे सांगितलं की वरच्या धाग्याचं टेन्शन जरा आवळा. अर्ध्या तासाने परत फोन आला. धागा पटापट तुटत होता आणि एक सुईही मोडली होती. बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याचाच कानसेनांना जास्त त्रास झाला.

आता तुम्ही म्हणाल, इतकं उघड आहे, फोन बदलला आणि आवाज गेला, म्हणजे फोनच वाईट. लहान मूलही सांगेल. पण कानसेनांना ते सुचलं नाही, आणि का सुचलं नाही ते सांगायला हवं. अडतीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट सांगत आला होता. शिंपी म्हणायचा मशीन खराब, कानसेन म्हणायचे आधी हात दाखव. दहातल्या नऊ वेळा सुई उलटी लावलेली असायची, नाहीतर तेलाचा थेंब नसायचा. मग कानसेन हसून म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवली होती. आता स्वतःवर वेळ आल्यावर अंगणाला नावं कशी ठेवणार?

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांना काम शिकवलं त्या उस्तादांचे कान म्हातारपणी असेच गेले होते. शेवटी शेवटी उस्ताद दुकानाच्या पायरीवर बसून राहत. माणसं ऐकू येतात रे, मशीन येत नाही, असं एकदा म्हणाले होते. कानसेनांना बहीण ऐकू येत होती. मुलगा, बायको, दूधवाला, सगळे स्वच्छ ऐकू येत होते. मशीन येत नव्हतं. हिशेब जुळला आणि त्यांनी तो मनातल्या मनात मिटवून टाकला.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. फोन वाजला की पूर्वी त्यांचा हात आधी पोचायचा, आता ते चार-पाच वेळा वाजू देत. एका शिंप्याला त्यांनी कापड सरकवणारे दाते घासलेत म्हणून सांगितलं, त्याने दाते बदलले, दोष मोटरमध्ये होता. दुसऱ्याला तर त्यांनी काही न सांगताच फोन ठेवला. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसले. कोपऱ्यात तिचं जुनं पायाचं मशीन होतं. ते चालवून बघितलं असतं तर पाच मिनिटांत खरंखोटं झालं असतं, हातच्या काकणाला आरसा कशाला? पण नको होतं त्यांना ते खरंखोटं. त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि वर वर्तमानपत्रांची चळत रचून ठेवली. मला त्यांचा राग येतो तो इथेच. अडतीस वर्षं जो माणूस दुसऱ्याला आधी ऐका म्हणून सांगत आला, तो स्वतःच ऐकायला घाबरला.

सव्विसाव्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. नवा फोन कसा वाटतो, आवाज कसा येतो, जुन्या तारेवर परत जायचंय का, अजून चार दिवस आहेत.  कानसेन प्रामाणिकपणे म्हणाले, "फोन उत्तम आहे, बाळ. दोष फोनमध्ये नाही." मुलीने आभार मानले आणि कसल्याशा यादीत खूण केली असावी.

त्याच दुपारी त्यांनी मास्तरीणबाईंना फोन करून सांगितलं की तिसऱ्या नंबरच्या मशीनसाठी आता दुसरं कोणी बघा.  वय झालं म्हणाले. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. गल्लीत दुसरा म्हणजे एकच होता, त्याला सगळे बदल्या म्हणत, कारण त्याला दुरुस्ती म्हणजे जुना भाग काढून नवा घालणं एवढंच ठाऊक. बाईंच्या मशीनला आता बदल्याचा हात लागणार, या विचाराने कानसेनांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजेनासा झाला. शिंप्यांच्या गल्लीत बातमी शिवायला वेळ लागत नाही.

यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी, हॉलचा पडदा दांडीवरून निसटून त्याची पट्टी उसवली. बायकोने कोणाला न विचारता वर्तमानपत्रं खाली ठेवली, झाकण काढलं आणि शिवायला बसली. कानसेन आतल्या खोलीत दाढी करत होते. तोंडाला फेस, हातात वस्तरा, दार अर्धवट लोटलेलं. तिथून ते सवयीने ओरडले, "अगं, सुई बदल. बोथट झालीय, कापडावर धपधप करतेय."

मशीन थांबलं. आतून कानसेनही बाहेर आले नाहीत. थोड्या वेळाने बायको दारात येऊन उभी राहिली. तिला उस्तादांची गोष्ट माहीत नव्हती, पण नवऱ्याची तर होती. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला हे ऐकू आलं?"

कानसेन तसेच फेसासकट बाहेर आले आणि तिला म्हणाले चालव. तिने चालवलं. पायदानाची उजवी कडी कोरडी होती, चाकाच्या मागे पट्ट्याची शिवण दर फेरीला टक करत होती, आणि सुई धपधप करत होती. सगळं होतं. एक आवाज गेला नव्हता. ते पडद्याचं टोक हातात धरून स्टुलावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी आनंदाचं होतं ते साधारण अर्धा मिनिट. मग त्यांची नजर त्या काळ्या फोनवर गेली आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि फाशी देणाराही संन्यासीच. त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एक रेकॉर्ड केलेला आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणाला. मग वीस मिनिटं बासरी. मग फोन कटला. परत एक दाबा, परत बासरी. तिसऱ्या खेपेला एक मुलगा आला, त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या विभागाकडे दिलं, तिथे पुन्हा बासरी. चेहऱ्यावरचा फेस वाळून कातडी ओढू लागली होती तेव्हा एक मुलगी बोलली. कानसेनांनी सांगितलं की माणसं ऐकू येतात, मशीन येत नाही.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. "आमच्या फोनमध्ये मागचा निरुपयोगी गोंगाट आपोआप काढला जातो. फक्त बोलणं येतं."

"मला तो गोंगाटच हवाय."

मुलगी गोंधळली. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं म्हणाली. ही सोय ग्राहकाला बंद करता येते का, तर नाही, ती कंपनीकडूनच असते. मग जुनी तार परत द्या. तीस दिवस होऊन गेले सर, पस्तिसावा दिवस आहे, आणि तुमच्या इमारतीची तार काढून झालीय. शिवाय माझ्यासमोर नोंद आहे, तुम्ही स्वतःच सांगितलंय की दोष फोनमध्ये नाही.  आपलेच दात, आपलेच ओठ. निरुपयोगी हा शब्द त्यांनी तिला परत एकदा म्हणायला लावला आणि फोन ठेवला.

त्यांनी मुलाला फोन केला. पलीकडे तो खजील झाला, पण दोन तास डोकं लढवूनही त्याला काही करता आलं नाही. बायकोच्या पर्समधला मोबाइल त्यांनी तिच्या मशीनजवळ धरायला लावून शेजारणीच्या मोबाइलवर ऐकून पाहिला, तिथेही तीच गत. म्हणजे सगळ्या जगाने मिळून ठरवलं होतं की मशीनचा आवाज हा आवाजच नव्हे. कानसेन त्या दिवशी घरात इतके येरझारा घालत होते की गुडघे सुजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मास्तरीणबाईंना फोन लावला. मनात एवढंच होतं की तुमचं मशीन मी उगाच बदल्याच्या हाती दिलं, माझी चूक झाली, हे सांगावं. बाई म्हणाल्या, बदल्याने शटल नवं घातलं, टेन्शनची स्प्रिंग नवी घातली, टाके अजून सुटतायत आणि सुया मोडतायत. आणि मग म्हणाल्या, "थांबा, तुम्हाला ऐकवतेच, आता चालू करते."

त्या शेवटच्या शब्दाला बाईंचा पाय पायदानावर पडला असावा. कारण 'करते' या शब्दाच्या मागून मोटरचा हुंकार आला आणि शब्द संपताच दार लावल्यासारखा बंद झाला. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. कानसेनांनी डोळे मिटले. म्हणजे माणूस बोलतोय तोवर हा फोन दार उघडं ठेवतो, आणि त्या फटीतून मशीन आत शिरतं. अडतीस वर्षांत त्यांनी नाना मशीन कानाने ओळखली होती. आज ही पांढरी डबीही ओळखली.

"बाई," ते म्हणाले, "मशीन चालवा आणि बोलत राहा. गप्प बसायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नका."

दोन वर्षं ज्यांना अवाक्षर न काढण्याची शिस्त लावली त्यांना आता बोला म्हटल्यावर बाई अडखळल्या. त्यांनी आठवड्याचे वार म्हटले, मग गणवेशाची मापं म्हटली, छाती अठ्ठावीस, बाही सोळा. मशीन मागून तुकड्या-तुकड्यांनी येत होतं, चिंधीसारखं. कानसेन पुनःपुन्हा म्हणत होते, परत, परत, सावकाश.  साधी सोपी गोष्ट होती, दहा टाके सावकाश आणि दहा जोरात, तिची काय दैना करून ठेवली होती. मापं संपली. बाई श्वास घ्यायला थांबल्या की मशीनही नाहीसं होई. मग बाईंना काही सुचेना आणि मनात होतं तेच बाहेर पडू लागलं.

त्या बोलत राहिल्या, न थांबता, एका सुरात, जशी एखादी लांब शिवण घालावी तशा. गल्लीत सगळे म्हणतात कानसेन बहिरे झाले, म्हणाल्या. मी भांडले त्यांच्याशी, म्हणाल्या, पण घरी आल्यावर मलाही तसंच वाटलं, म्हणून इतके दिवस फोन नाही केला, तुम्ही परत चुकीचं सांगितलं असतं तर मला ते ऐकवलं नसतं. तुम्ही दुसरं कोणी बघा म्हणालात, तेव्हा मी विचारायला हवं होतं, नाही विचारलं, फोन ठेवून दिला.

कानसेन डोळे मिटून बसले होते. त्या शब्दांच्या खाली, दर चौथ्या टाक्याला, एक बारीक टिक होती. पोलादावर पोलाद. एकदा आली, निसटली, परत आली.

"थांबा," ते म्हणाले. "सुईखालची पट्टी हलतेय. तिचा डावा स्क्रू ढिला आहे, सुई तिला घासून जातेय. अर्धा फेरा आवळा."

पेचकस शोधल्याचं काही ऐकू आलं नाही, आवळल्याचंही नाही. फोनच्या लेखी ते सगळं निरुपयोगी होतं. कानसेन त्या मुक्या फोनला कान लावून बसून राहिले. बायको पडदा मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने बाईंचा आवाज आला, वीतभर शिवण घातली म्हणाल्या, एकही टाका सुटला नाही.

कानसेनांनी नुसतं हं म्हटलं.  मग बाईंनी हळूच विचारलं, "काका, मी मघाशी काय काय बोलून गेले, ते ऐकलंत?"

खरं तर त्यांच्या कानावर एक-दोन शब्द पडले होते. बहिरे, फोन, नाही विचारलं. बाकी सगळं त्यांनी बाजूला सारलं होतं, मागचा गोंगाट बाजूला सारावा तसं. हे लक्षात आलं आणि त्यांना त्या पांढऱ्या डबीपेक्षा स्वतःचा जास्त राग आला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि फोन नीट कानाशी धरला.

"मशीन बंद करा," ते म्हणाले, "आणि परत सांगा."